नाट्यगृहाची तपासणी : अहवाल कोणासाठी?

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे हळूहळू मंदावतात आणि शे-दोनशे अनोळखी माणसांच्या सोबतीने अंधारात बसलेला प्रेक्षक आपले सारे लक्ष समोरच्या पडद्याकडे लावतो. त्या क्षणी तो कितीतरी गोष्टी गृहीत धरून चाललेला असतो. रंगमंचावर टांगलेले दिवे पक्के बांधलेले असतील, भिंतीतून गेलेल्या तारा त्यांच्यावर पडणारा भार सोसण्याइतक्या जाड असतील, बाहेर पडण्याच्या दरवाजाला कुलूप नसेल आणि प्रसंग आलाच तर आग विझविण्याच्या नळाला पाणी असेल, हे सारे कोणीतरी पाहिले असणार, असा त्याचा विश्वास असतो. सार्वजनिक रंगभूमीचा सारा व्यवहार या विश्वासावर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु हा विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. यंत्रसामग्रीची तपासणी केव्हा झाली, ती कोणी केली, तीत काय आढळले आणि आढळलेले दोष दूर झाले काय, या चार प्रश्नांची उत्तरे कोठल्या तरी कार्यालयाच्या कोठल्या तरी फायलीत असतात, किंवा नसतात. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्या प्रेक्षकाला मात्र ती ठाऊक नसतात. ही उत्तरे फायलीत राहता कामा नयेत, ती नाट्यगृहाच्या दारावर लागली पाहिजेत, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आग किंवा संताप

८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, पूर्वी पॅलेस थिएटर म्हणून ओळखली जाणारी आणि शतकाहून अधिक काळ मराठी रंगभूमीची सेवा केलेली ही वास्तू काही तासांत आतून जळून गेली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आत प्रयोग चालू नव्हता म्हणून मनुष्यहानी टळली. नाट्यगृहाचे मोठे नूतनीकरण होऊन फार काळ लोटलेला नव्हता. आगीनंतर कारणांची चर्चा सुरू झाली, हळहळ व्यक्त झाली, पुनर्बांधणीसाठी निधीच्या घोषणा झाल्या आणि इतर शहरांतूनही ‘आमच्या नाट्यगृहाची स्थिती काय?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला. हा प्रश्न योग्यच होता; मात्र तो विचारण्यासाठी एक ऐतिहासिक वास्तू जळावी लागली, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनाला भूषणावह नव्हे.

दुसरे उदाहरण त्यामानाने सौम्य आहे. मे २०२३ मध्ये रत्नागिरीतील एका प्रयोगाच्या वेळी वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणा यांच्या अवस्थेला कंटाळून अभिनेते भरत जाधव यांनी प्रेक्षकांसमोरच आपली व्यथा मांडली आणि येथे पुन्हा प्रयोग करणार नाही, असे सांगितले. वृत्तपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला आणि मग राज्यातील नाट्यगृहांच्या सुविधांविषयी काही दिवस चर्चा झाली. छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिराच्या दुरवस्थेबाबतही कलावंतांना असाच जाहीर आवाज उठवावा लागला होता.

तात्पर्य असे की, नाट्यगृहातील यंत्रसामग्रीची खरी अवस्था आपल्याला आज दोनच वाटांनी कळते. एक तर आग लागते, नाही तर एखाद्या नामवंत नटाचा संयम सुटतो. जेथे नामवंत नट क्वचितच येतात, अशा गावांना दुसरी वाटही उपलब्ध नाही.

हिंगोलीचा प्रश्न

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा लहान जिल्हा आहे. मोठ्या व्यावसायिक नाटकांचे दौरे मुंबई-पुण्याहून निघतात ते बहुधा छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडपर्यंत येऊन परततात. आमच्याकडील हौशी रंगकर्मींना राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे झाल्यास परभणी किंवा नांदेडच्या केंद्रावर जावे लागते. तेव्हा नाट्यगृहाच्या तांत्रिक तपासणीचा विषय हिंगोलीत काढणे म्हणजे शहरातील दुखणे गावात आणणे होय, असे कोणास वाटण्याचा संभव आहे.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नाट्यगृह म्हणजे केवळ वातानुकूलित इमारत नव्हे. जेथे रंगमंच आहे, त्यावर उष्णता निर्माण करणारे दिवे आहेत, कापडी पडदे आहेत आणि समोर दाटीने बसलेली माणसे आहेत, ते प्रत्येक ठिकाण या दृष्टीने नाट्यगृहच होय. डिसेंबर-जानेवारीत हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ येथील शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने सुरू होतात. कोठे नगर परिषदेचे सभागृह घेतले जाते, कोठे मंगल कार्यालय, कोठे शाळेच्या पटांगणातच मंडप पडतो. भाड्याचे दिवे आणि ध्वनिक्षेपक येतात, एका सॉकेटातून चार तारा काढल्या जातात, विंगेत नाचासाठी सजलेली चाळीस-पन्नास मुले उभी असतात आणि त्यांच्या अंगावर झिरझिरीत कृत्रिम धाग्याचे कपडे असतात. मुले रांगेत उभी करण्याची जबाबदारी शिक्षकाची असते. वरच्या दिव्याची साखळी कोणी पाहिली आहे काय, हे मात्र त्या शिक्षकाला कोणी सांगत नाही आणि विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यालाही वाटत नाही.

हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव तर दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतो. रामलीला मैदानावर रामलीला होते, प्रदर्शन भरते, आकाशपाळणे उभे राहतात आणि पंचक्रोशीतून माणसे लोटतात. रंगमंच तात्पुरता असतो, परंतु त्यावरील विजेचा प्रवाह तात्पुरता म्हणून सौम्य होत नाही. उलट कायमच्या इमारतीत जी यंत्रणा एकदा विचारपूर्वक बसवलेली असते, ती मैदानात दोन दिवसांत उभी करावयाची असल्याने तपासणीची आवश्यकता अधिक असते. म्हणून प्रश्न हिंगोलीचाही आहे. किंबहुना ज्या गावात तज्ज्ञांची वानवा असते तेथे तो अधिक तीव्र आहे.

तपासणी म्हणजे काय?

तांत्रिक तपासणी या शब्दाने सामान्य वाचक बिचकतो. प्रत्यक्षात तिचा गाभा शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकापलीकडे फारसा जात नाही. रंगमंचावरील एक हजार वॉटचा एक जुना हॅलोजन दिवा २३० व्होल्टच्या दाबाखाली सव्वाचार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह ओढतो. असे वीस दिवे एकाच वेळी लागले की हा आकडा ८७ च्या घरात जातो. त्यात पंखे, ध्वनियंत्रणा आणि असल्यास वातानुकूलन यांची भर पडते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तीस वर्षांपूर्वी ट्यूबलाइट आणि पंख्यांसाठी घातलेल्या तारांवर हा भार लादला, तर सैल झालेला एखादा जोड प्रथम तापतो, मग त्याच्यावरचे आवरण वितळते. हे सर्व भिंतीच्या आत, कोणाच्याही नजरेआड घडते.

दुसरी बाब टांगलेल्या वजनाची. रंगमंचाच्या वर ज्या आडव्या लोखंडी नळ्यांना दिवे आणि पडदे बांधतात त्यांना आपले रंगकर्मी बॅटन म्हणतात. बॅटन ज्या तारदोरांवर पेलली जाते त्यांची क्षमता प्रत्यक्ष वजनाच्या कित्येक पट असावी लागते, कारण दोर झिजतो, गंजतो, कप्पीवरून जाताना त्याचे धागे तुटतात. प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीखेरीज दुसरी सुरक्षा-साखळी असणे, ही साधी पण जीव वाचविणारी खबरदारी होय. तिसरी बाब पडद्यांची. मखमल किंवा कृत्रिम कापड अग्निरोधक प्रक्रियेने संस्कारित केलेले असले, तरी तो संस्कार धुण्याने आणि काळाने क्षीण होतो, म्हणून तो केव्हा केला याची तारीख नोंदविलेली असावी लागते. चौथी बाब जमिनीशी जोडलेल्या तारेची, म्हणजे अर्थिंगची, आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या यंत्राची. माईक हातात धरणाऱ्या गायकाला बसणारा झटका या दोहोंच्या अभावातून येतो. पाचवी बाब बाहेर पडण्याच्या मार्गांची आणि वीज गेल्यावरही लागणाऱ्या दिव्यांची.

यांतील प्रत्येक गोष्ट मोजता येते, तिची तारीख लिहिता येते आणि ती ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशा शब्दांत कोणाही दहावी झालेल्या माणसाला सांगता येते. तपासणी करण्यास तज्ज्ञ लागतो. तपासणीचा निष्कर्ष समजण्यास तज्ज्ञ लागत नाही.

दोष ठाऊक होते, पण कोणाला?

येथे कोणी म्हणेल की, तपासणी झाली म्हणजे पुरे, ती लोकांना सांगण्याचा आग्रह कशासाठी? या शंकेचे उत्तर इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन दिलेले आहे.

शिकागो शहरातील इरोक्वॉय थिएटर नोव्हेंबर १९०३ मध्ये सुरू झाले. ते पूर्णतः अग्निरोधक आहे, अशी त्याची जाहिरात होती. ३० डिसेंबर १९०३ रोजी नाताळच्या सुटीतील दुपारच्या खेळाला स्त्रिया आणि मुले यांची प्रचंड गर्दी असताना एका दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला. आग अडविण्यासाठी खाली सोडावयाचा सुरक्षा-पडदा मध्येच अडकला. कित्येक दरवाजे बंद होते, कित्येकांच्या कड्या प्रेक्षकांना उघडता येईनात. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या घटनेतील खरी शोकांतिका निराळीच आहे. उद्घाटनापूर्वी अग्निशमन दलाच्या एका कप्तानाने हे थिएटर फिरून पाहिले होते. तेथे पाण्याच्या फवाऱ्यांची सोय नाही, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नाही, पाण्याची जोडणी नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याने ते थिएटरच्या अग्निरक्षकाला आणि आपल्या वरिष्ठालाही सांगितले. काही करता येणार नाही, असे उत्तर त्याला मिळाले. म्हणजे दोष शोधणारा माणूस होता, दोष सापडले होते आणि ते योग्य त्या पायरीपर्यंत पोचलेही होते. फक्त तिकीट काढून आत जाणाऱ्या आयांना ते ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होती ती जाहिरात. पुढे या आगीच्या अनुभवातून नाट्यगृहांचे दरवाजे बाहेरच्या बाजूस उघडावेत, नुसते ढकलताच उघडणारी कडी त्यांना असावी, अशा सुधारणांना जोर मिळाला.

आपल्या देशातील उदाहरण अधिक जवळचे आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे गुदमरून मेली. त्या इमारतीतील रोहित्राला त्याच दिवशी सकाळी एकदा आग लागली होती आणि घाईघाईने डागडुजी करून ते पुन्हा चालू करण्यात आले होते. दुपारच्या खेळाला आलेल्या एकाही कुटुंबाला हे माहीत नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, १९८३ साली सरकारी तपासणीत या चित्रपटगृहातील अनेक त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या, त्याचा परवाना स्थगितही झाला होता. त्यानंतर न्यायालयाची स्थगिती आणि तात्पुरते परवाने यांच्या आधारे ते वर्षानुवर्षे चालू राहिले. चौदा वर्षे त्या त्रुटींचा कागद अस्तित्वात होता. तो तिकिटाच्या खिडकीवर लावलेला असता तर किती जणांनी तिकीट काढले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

या दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात. तपासणी गुप्त राहते तेव्हा तिचे रूपांतर सौद्यात, चालढकलीत किंवा विस्मृतीत होण्यास वेळ लागत नाही. दोष शोधणाऱ्या प्रामाणिक कनिष्ठ अधिकाऱ्याचा एकमेव पाठीराखा म्हणजे जनतेची नजर. ती नसली म्हणजे तो एकटा पडतो.

कायदा काय सांगतो?

सुदैवाने या बाबतीत नवा कायदा मागण्याची गरज नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने अथवा भोगवटादाराने आपल्या अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. म्हणजे जेथे हा अधिनियम लागू होतो अशा प्रत्येक सभागृहाच्या बाबतीत वर्षाला दोन कागद तयार झालेच पाहिजेत.

तथापि येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. लहान शहरांतील सार्वजनिक सभागृहे बहुधा नगर परिषदेच्याच मालकीची असतात. प्रमाणपत्र देणे मालकाचे कर्तव्य, ते पाहून घेणे स्थानिक यंत्रणेचे कर्तव्य आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच छपराखाली. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी तशी ही स्थिती आहे. यात कोणाच्या सचोटीवर संशय घेण्याचा हेतू नाही. परंतु जेथे तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असतो, तेथे तिसऱ्याची नजर अपरिहार्य ठरते. तो तिसरा म्हणजे नागरिक.

त्या नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार आहे. केंद्राचा कायदा होण्यापूर्वीच, २००२ साली, महाराष्ट्राने स्वतःचा असा कायदा केला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णतः अमलात आला. या कायद्यातील माहितीच्या व्याख्येत अहवाल, रोजवह्या, करार, अभिप्राय, नमुने हे सारे येते. एवढेच नव्हे, तर कागद पाहण्याबरोबरच प्रत्यक्ष काम पाहण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकारही नागरिकाला दिलेला आहे. म्हणजे सभागृहात नव्याने घातलेली तार करारात लिहिलेल्या जाडीचीच आहे काय, हे पाहू इच्छिणारा नागरिक आगाऊपणा करीत नाही. तो कायद्याने दिलेले काम करीत असतो.

दहा रुपयांचे शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. ते न मिळाल्यास किंवा असमाधानकारक वाटल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करण्याची तरतूद आहे. हिंगोलीकरांसाठी हे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या मर्यादेत असावा, असा महाराष्ट्राचा नियम आहे. आमच्या चार प्रश्नांना तर पन्नास शब्दही पुरतात. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना पाहता यावेत, अशी व्यवस्था सांगितलेली आहे.

परंतु या कायद्याचा खरा आत्मा अर्जात नाही. तो चौथ्या कलमात आहे. अर्ज करण्याची पाळी नागरिकावर कमीत कमी यावी यासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन माहिती प्रसिद्ध करीत राहावे, ती स्थानिक भाषेत असावी आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी, असे हे कलम सांगते. प्रसाराच्या साधनांत सूचनाफलकाचाही स्पष्ट उल्लेख आहे. नाट्यगृहाच्या तपासणीसारख्या विषयात सूचनाफलकाइतके सोयीचे साधन दुसरे कोणते? ज्याला माहिती हवी तो माणूस त्या दारातूनच आत जाणार असतो.

तीन आक्षेप

या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ठेकेदाराशी झालेले करार व्यापारी गोपनीयतेत मोडतात. कायद्यात व्यापारी गोपनीयतेला संरक्षण आहे हे खरे. परंतु व्यापक सार्वजनिक हित असेल तर ते संरक्षण बाजूला ठेवण्याची तरतूदही तेथेच आहे. शिवाय एखाद्या कागदाचा काही भाग उघड करण्याजोगा नसेल, तर तेवढा वगळून उरलेला द्यावा, असेही कायदा सांगतो. दिव्याची साखळी गंजली आहे, या वाक्यात कोणाचेही व्यापारी गुपित नाही.

दुसरा आक्षेप असा की, लोकांना तांत्रिक भाषा समजत नाही आणि अर्धवट माहितीने घबराट पसरेल. हा आक्षेप नवा नाही. प्रजेला कारभार कळत नाही, या समजुतीवरच पूर्वीची राज्ये चालत. ज्या मराठवाड्यात निजामी राजवटीत साधी सभा भरविण्यासाठीही परवानगीचे कागद रंगवावे लागत, त्या प्रदेशाला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. लोकांना समजत नसेल तर समजेल अशा भाषेत लिहिणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. घबराट माहितीने होत नाही, अफवेने होते. ‘तीन बाबी ठीक, एक दुरुस्तीत, अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल’ असे स्वच्छ लिहिलेले असले तर प्रेक्षक घाबरणार नाही. त्याचा विश्वास वाढेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिकपणे तोलला पाहिजे. दोष जाहीर करावयाचे म्हटले की तपासणी करणारेच हात आखडते घेतील, अहवाल गुळमुळीत होतील आणि पैशाअभावी दुरुस्ती न करू शकणारी लहान नगर परिषद सभागृहाला सरळ कुलूप लावील. मग हौशी मंडळींनी जावे कोठे? ही भीती निराधार नाही. परंतु दोष लपविल्याने नगर परिषदेला निधी मिळतो, असे तर कधी घडलेले नाही. उलट दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करावयाची तर हाती लेखी, जाहीर आणि तज्ज्ञाच्या सहीचा अहवाल असणे हाच सर्वांत बळकट आधार होय. राहता राहिला कुलपाचा प्रश्न. अंशतः वापराचाही मार्ग असतो. वरच्या बॅटनवर दिवे न टांगता जमिनीवरील स्टँडवर दिवे लावून, मर्यादित भारात, कमी प्रेक्षकांसह प्रयोग करता येतात. पण हा निर्णय घेण्यासाठी नेमके काय बिघडले आहे, हे प्रयोग करणाऱ्याला माहीत असावे लागते. म्हणजे फिरून आपण माहितीपाशीच येतो.

माहिती अधिकाराचा वापर कोणाला छळण्यासाठी किंवा वैयक्तिक हिशेब चुकते करण्यासाठी होतो, अशी तक्रार कार्यालयांतून ऐकू येते आणि तीत काही तथ्यही आहे. त्यावरचा उपायसुद्धा हाच आहे. जी माहिती दारावर लागलेली आहे, तिच्यासाठी अर्ज करून कोणालाही कोणाला छळता येत नाही. कागद शोधण्यात आणि नकला काढण्यात लिपिकाचा जो वेळ जातो तोही वाचतो.

एक फलक, पाच ओळी

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिला अंतिम मंजुरी दिली. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म अशी हालचाल टिपणारे हे यंत्र असेल. तिच्या अमेरिकेतील भगिनी-वेधशाळांनी २०१५ साली प्रथम अशा लहरी टिपल्या. त्यांची निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर जगातील कोणाही माणसाला पाहण्यासाठी खुली केली जातात. त्यामागील विचार साधा आहे. यंत्र कितीही थोर असले तरी त्यावरचा विश्वास त्याच्या नोंदी इतरांना तपासता येतात यामुळेच बसतो. जगातील अतिसूक्ष्म यंत्राच्या नोंदी ज्या रीतीने खुल्या राहतात, त्या रीतीने आमच्या गावच्या सभागृहातील स्विचबोर्डाची नोंद खुली राहावी, अशी अपेक्षा करणे हा काही अवाजवी हट्ट नव्हे.

म्हणून सूचना अशी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक सार्वजनिक सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी एक फलक असावा. त्यावर पाच ओळी असाव्यात : विद्युत यंत्रणा, टांगलेली सामग्री, पडदे, अग्निशमन साधने आणि बाहेर पडण्याचे मार्ग. प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचा हुद्दा, निष्कर्ष आणि दोष असल्यास दुरुस्तीची मुदत लिहावी. खाली एकूण किती विद्युत भार घालता येईल आणि किती माणसे बसू शकतील, हे दोन आकडे असावेत. पूर्ण अहवाल कार्यालयात कोणासही पाहता यावा. दसरा महोत्सवासारख्या तात्पुरत्या रंगमंचांसाठी हाच फलक मैदानाच्या कमानीपाशी लागावा. या साऱ्याला येणारा खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेहून अधिक नाही.

यात आपल्यालाही वाटा उचलावा लागेल. सभागृह आरक्षित करताना भाड्याची पावती मागतो तसे मुख्याध्यापकांनी तपासणीचे प्रमाणपत्र मागावे. विज्ञानाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्याच शाळेच्या रंगमंचाचा विद्युत भार मोजून घ्यावा. वर्गात शिकविलेल्या सूत्राचा याहून चांगला प्रयोग सापडणार नाही. कार्यालयातील लिपिक बंधूंनी असा अहवाल आवक-नोंदवहीत आला म्हणजे त्याची एक प्रत फलकासाठी काढून ठेवावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एखाद्या सोमवारी दुपारी नगर परिषदेत जाऊन तो अहवाल नम्रपणे पाहावयास मागावा. अहवाल असेल तर वाचावा आणि नसेल तर ‘अहवाल उपलब्ध नाही’ एवढे लेखी घ्यावे. ते एक वाक्यही पुष्कळ काम करते.

येत्या हिवाळ्यात पुन्हा स्नेहसंमेलने होतील, विंगेत पुन्हा मुले उभी राहतील आणि त्यांचे आईवडील समोरच्या खुर्च्यांवर निर्धास्तपणे बसतील. त्यांनी निर्धास्तच बसावे, अशी आपणा सर्वांची इच्छा आहे. मात्र त्यांची ही निश्चिंती अज्ञानातून आलेली नसावी. दारावरचा फलक वाचून ते आत आलेले असावेत.